ऑक्सिमीटरला नाव देणारा गिर्यारोहक: ग्लेन मिलिकनची गोष्ट

आज मोबाईल, ॲप किंवा एआय नाही. आज बोलू त्या छोट्या चिमट्याबद्दल, जो २०२० पासून आपल्या प्रत्येकाच्या घरात कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून आहे. पल्स ऑक्सिमीटर.

या विषयावर लिहायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं, त्याला कारण घरचंच आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याचा. आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत, माझी एक मामेबहीणही त्यातलीच. एकदा तिला ताप आला, छातीत दुखायला लागलं, धाप लागली. घरात बाजारातून आणलेलं ऑक्सिमीटर होतं. ते बोटाला लावलं तर ९६. आकडा चांगला आहे म्हणून सगळ्यांनी रात्र काढली. सकाळी तिला चंद्रपूरला नेलं, तिथे धमनीतलं रक्त काढून तपासलं, आणि खरा आकडा बराच कमी निघाला. ती बरी झाली. पण मशीनमध्ये काही बिघाड नव्हता, सेल नवीन होते, बोट नीट घातलं होतं. मग आकडा चुकला कसा?

याचं उत्तर शोधताना मी एका माणसापर्यंत पोहोचलो. त्याचं नाव ग्लेन ॲलन मिलिकन. ऑक्सिमीटर हा शब्द त्यानेच रूढ केला. आणि आज आपल्याला जी चूक त्रास देते, तिच्याशी तो १९४० च्या दशकातच भांडत होता.

तेलाच्या थेंबाच्या घरातला मुलगा

मिलिकन हे आडनाव ओळखीचं वाटतंय ना? अकरावी-बारावीला तेलाच्या थेंबाचा प्रयोग शिकलेला आहे. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजणारे रॉबर्ट मिलिकन म्हणजे ग्लेनचे वडील. त्यांना १९२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या नोबेलमागे आणखी एक काम होतं, ते परीक्षेत फारसं विचारत नाहीत म्हणून लक्षात राहत नाही. प्रकाश धातूवर पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, याबद्दल आइन्स्टाइनने मांडलेलं समीकरण बरोबर आहे हे रॉबर्ट मिलिकन यांनी काही वर्षं खपून प्रयोगाने दाखवलं. गंमत म्हणजे सुरुवातीला ते समीकरण चुकीचंच ठरेल असं त्यांना वाटत होतं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. प्रकाशापासून वीज मिळते, म्हणजे प्रकाश किती आहे हे विजेच्या काट्यावर मोजता येतं. बापाने या नियमावर शिक्कामोर्तब केलं, आणि पोराने पुढे त्याच तत्त्वावर चालणाऱ्या सेलने माणसाचं रक्त मोजलं.

ग्लेनचा जन्म १९०६ चा, शिकागोचा. तीन भावांत मधला. थोरला क्लार्क विमानांच्या शास्त्रात गेला, धाकटा मॅक्स अर्थशास्त्रात. ग्लेन हार्वर्डला शिकला आणि मग इंग्लंडला, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. भौतिकशास्त्रज्ञाच्या घरात वाढलेल्या या पोराने शरीरक्रियाशास्त्र निवडलं, पण हत्यारं मात्र घरचीच वापरली: दिवा, फिल्टर आणि फोटोसेल.

सेकंदाच्या हजाराव्या भागात काय घडतं?

केंब्रिजमध्ये तेव्हा एक भारी प्रश्न चर्चेत होता. हिमोग्लोबिन ऑक्सिजनला पकडतं आणि सोडतं, पण किती वेगाने? स्टॉपवॉच लावून हे कळणार नाही, कारण सगळं काही मिलिसेकंदांत आटोपतं.

हार्ट्रिज आणि रफटन या दोघांनी १९२३ मध्ये एक युक्ती काढली होती. दोन द्रव एकत्र आणायचे आणि मिश्रण वेगाने एका नळीतून पळवायचं. नळीच्या सुरुवातीला मिश्रण ताजं असतं, पुढे पुढे जास्त जुनं. म्हणजे नळीवरचं अंतर हेच घड्याळ. जागोजागी रंग तपासला की प्रक्रिया किती पुढे गेली ते कळतं. ज्यांनी कोड डीबग केलाय त्यांना हे लगेच पटेल: प्रोग्राम थांबवता येत नसेल तर वाटेत जागोजागी लॉग टाकायचे.

अडचण एकच होती. या यंत्राला कित्येक लिटर द्रव लागायचा. ग्लेनला अभ्यास करायचा होता स्नायूंमधल्या हिमोग्लोबिनचा, ज्याला आज आपण मायोग्लोबिन म्हणतो. ते लिटरने आणायचं कुठून? म्हणून त्याने सगळं यंत्रच लहान केलं. बारीक नळ्या, थोडासा द्रव, आणि डोळ्याने रंग बघण्याऐवजी फोटोसेल.

१९३७ मध्ये तो आणखी एक पाऊल पुढे गेला. मायोग्लोबिन शरीराबाहेर काढून तपासण्याऐवजी त्याने प्राण्याच्या जिवंत स्नायूवरच प्रकाश टाकला, आणि स्नायू आकुंचन पावताना त्यातला ऑक्सिजन कसा कमी होतो हे रंगावरून मोजलं. त्यासाठी त्याने दोन रंगांचा प्रकाश वापरला. दोन का, ते पुढे सांगतो, कारण आपल्या ड्रॉवरमधल्या चिमट्याचं मूळ तिथेच आहे.

डोंगर आणि क्लेअर

प्रयोगशाळेबाहेर ग्लेनला एकच वेड होतं, डोंगर चढायचं. त्याची बायको क्लेअर हिच्या घरातही डोंगराची कथा होती, आणि ती जखमेसारखी होती. क्लेअर ही जॉर्ज मॅलरी यांची मुलगी. होय, तेच मॅलरी, जे १९२४ मध्ये एव्हरेस्टच्या शिखराजवळ शेवटचे दिसले आणि परत आलेच नाहीत. त्या चढाईत मॅलरी आणि त्यांचा जोडीदार अर्व्हिन यांच्या पाठीवर ऑक्सिजनची नळकांडी होती. क्लेअर तेव्हा ८ वर्षांची होती. मॅलरींचा देह सापडला तो थेट १९९९ मध्ये.

एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. ऑक्सिजन कमी पडला की आधी डोकं काम करेनासं होतं, आणि ज्याचं डोकं काम करत नाही त्याला ते कळतही नाही. क्लेअरच्या वडिलांचं त्या दिवशी नेमकं काय झालं हे कोणालाच माहीत नाही. पण तिच्या नवऱ्याने पुढे जे बनवलं ते याच संकटासाठी होतं, फक्त डोंगराऐवजी विमानात.

कानाच्या पाळीवर बसलेलं यंत्र

दुसरं महायुद्ध सुरू झालं. विमानं उंच उडायला लागली, पण वैमानिकांच्या केबिनमध्ये आजच्यासारखा हवेचा दाब राखलेला नसायचा. ऑक्सिजनचा मास्क जरा सैल झाला की वैमानिकाचं भान हळूहळू जायचं. वाईट म्हणजे त्याला दम लागल्यासारखंही वाटायचं नाही. उलट मजेत वाटायचं, आणि मग तो बेशुद्ध व्हायचा. कोविडच्या काळात डॉक्टर सांगायचे ना, की पेशंट गप्पा मारतोय, मोबाईल बघतोय आणि ऑक्सिजन मात्र ८० च्या आसपास? तोच प्रकार.

ग्लेन अमेरिकेत परतला होता आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जॉन्सन फाउंडेशनमध्ये काम करत होता. वैमानिकाच्या रक्तातला ऑक्सिजन उडता उडता मोजायचा, हे त्याच्यापुढचं काम. सुई टोचून चालणार नव्हतं. यंत्र हलकं हवं, अंगावर बसणारं हवं. त्याने कानाची पाळी निवडली. ती पातळ असते, तिच्यात हाड नसतं, प्रकाश आरपार जातो. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला फिल्टर लावलेले फोटोसेल. १९४२ मध्ये त्याने या यंत्राचं वर्णन छापलं आणि त्याला ऑक्सिमीटर म्हटलं.

पहिला शोध मात्र त्याचा नव्हता, हे स्पष्ट सांगतो. जर्मनीत कार्ल मॅथेस यांनी १९३५ च्या सुमारास दोन रंगांच्या प्रकाशाने कानातला ऑक्सिजन मोजला होता. ग्लेनने ते प्रयोगशाळेबाहेर नेता येईल इतकं हलकं केलं.

दोन रंग कशाला?

आता मूळ मुद्दा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लालभडक दिसतं, ऑक्सिजन सोडलेलं काळपट. म्हणजे लाल प्रकाश टाकला तर काळपट रक्त तो जास्त शोषतं. मग फक्त लाल प्रकाश पुरे नाही का?

नाही. समजा आरपार आलेला लाल प्रकाश कमी पडला. याची कारणं दोन असू शकतात. एक, ऑक्सिजन कमी आहे. दोन, कानात रक्तच जास्त आहे, किंवा पाळीच जाड आहे. एका समीकरणात दोन अज्ञात संख्या, सुटणार कसं? म्हणून दुसऱ्या रंगाचा प्रकाश घ्यायचा, ज्यावर ऑक्सिजनचा फरक वेगळ्या प्रकारे पडतो. दोन समीकरणं झाली की हिशेब लागतो.

आजच्या चिमट्यात हे दोन प्रकाश म्हणजे साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. ग्लेनने लाल आणि हिरवा फिल्टर घेतला होता. पण हिरवा प्रकाश कानाच्या पाळीतून आरपार जवळजवळ जातच नाही. मग यंत्र चाललं कसं? त्या हिरव्या फिल्टरमधून अवरक्त प्रकाशही निसटत होता, आणि फोटोसेल खरं तर तोच मोजत होता. इंजिनिअरिंगमध्ये असं होतं कधी कधी. चीज बरोबर चालते, पण आपण समजतो त्या कारणाने नाही.

तरीही एक मोठी अडचण उरली. प्रकाश फक्त रक्त शोषत नाही. कातडी शोषते, मांस शोषतं, शिरांमधलं जुनं रक्त शोषतं. आपल्याला हवं असतं फक्त धमनीतलं ताजं रक्त. ग्लेनच्या पद्धतीत कान दिव्याने गरम करायचे, म्हणजे त्यात धमनीचं रक्त भरपूर यायचं. मग माणसाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा आणि काटा १०० वर लावायचा. तिथून पुढे आकडा किती घसरतो ते बघायचं. म्हणजे प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक वेळी नव्याने कॅलिब्रेशन. कटकटीचं काम होतं, पण प्रामाणिक होतं. यंत्राने प्रत्येक कान सारखाच आहे असं गृहीत धरलं नव्हतं.

१९४७

युद्ध संपल्यावर ग्लेन व्हँडरबिल्ट विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. मे १९४७ मध्ये टेनेसीच्या डोंगरात चढाई करताना अपघात झाला आणि तो गेला. वय चाळीसच्या आसपास. क्लेअरच्या पदरात तीन मुलं होती. आधी वडील डोंगरात गेले, मग नवरा.

त्याचं यंत्र अर्धवट राहिलं. पुढच्या लोकांनी ते एकेक इंच पुढे सरकवलं. मेयो क्लिनिकच्या अर्ल वूड यांनी कानाच्या चिमट्यात छोटा फुगा बसवला. फुगा फुगवून कान दाबला की रक्त निघून जातं आणि रिकाम्या कानाचं माप मिळतं. मग फुगा सोडायचा आणि फरक घ्यायचा. १९७० च्या दशकात एका कंपनीने दोनऐवजी आठ रंग वापरणारं कानाचं यंत्र काढलं. ते अचूक होतं, पण अवजड आणि महाग.

खरी उडी जपानमध्ये पडली. ताकुओ आओयागी हे निहॉन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर वेगळंच काहीतरी मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या सिग्नलमध्ये सारखी गडबड करत होते. १९७२ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की ही गडबड हीच तर हवी ती माहिती आहे. प्रत्येक ठोक्याला धमनीत नवं रक्त येतं, त्यामुळे प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. कातडी, मांस, शिरांतलं रक्त मात्र ठोक्यागणिक फारसं बदलत नाही. म्हणून जो भाग हलतो तेवढाच घ्या, स्थिर भागाने त्याला भागा, आणि दोन्ही रंगांचं गुणोत्तर काढा. कान गरम करणं नको, फुगा नको, दरवेळचं कॅलिब्रेशन नको. १९७४ मध्ये त्यांनी हे जाहीर मांडलं. आपल्या चिमट्याच्या नावातलं पल्स ते हेच. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले, अगदी जेव्हा सगळं जग त्यांचं यंत्र शोधत दुकानं फिरत होतं.

मग आकडा चुकतो कुठे?

गुणोत्तर मिळालं तरी त्यावरून टक्का काढायला एक तक्ता लागतो. तो तक्ता कसा बनतो? निरोगी स्वयंसेवकांना हळूहळू कमी ऑक्सिजनची हवा देतात, त्यांचा ऑक्सिजन साधारण ७० टक्क्यांपर्यंत उतरवतात, दर टप्प्यावर धमनीतलं रक्त काढून प्रयोगशाळेत तपासतात, आणि यंत्राच्या गुणोत्तरासमोर खरा आकडा लिहितात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा ट्रेनिंग डेटा. आणि ट्रेनिंग डेटात जे नाही, ते मॉडेलला कळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

पहिली गोष्ट, रंग. गडद कातडीची माणसं या चाचण्यांत फार कमी असायची. अमेरिकेच्या औषध नियामकाच्या जुन्या सूचनांनुसार १० जणांच्या चाचणीत गडद वर्णाचे दोघे असले तरी चालायचे. हलणारा भाग भागिले स्थिर भाग केल्यावर कातडीचा रंग कागदावर कटतो. प्रत्यक्षात एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, आणि तो शरीरात सरळ न जाता विखुरत जातो, म्हणून थोडी चूक उरते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरा आकडा ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६ टक्के. म्हणजे चूक बहुतेक धोक्याच्या बाजूने: ऑक्सिजन कमी, आकडा चांगला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच नियामकाने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात १५० किंवा जास्त लोकांवर आणि कातडीच्या सगळ्या छटांवर चाचणी घ्यायला सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिनच वेगळं असणं. तक्ता निरोगी लोकांचा असतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन ऑक्सिजनला तितकं घट्ट धरत नाही, लाल पेशी फुटत राहतात, रक्तात हिमोग्लोबिनची इतर रूपंही थोडी वाढलेली असतात. दोन रंगांची दोन समीकरणं आहेत, आणि इथे अज्ञात संख्या तीन-चार झाल्या. मामेबहिणीच्या वेळी नेमकं यातलं कुठलं कारण होतं हे मी सांगू शकत नाही. पण तिच्यासारख्या रुग्णाचा आकडा फसवा असू शकतो, एवढं मला आता कळलंय.

तिसरी गोष्ट, धूर. लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हिमोग्लोबिनला चिकटला की रक्त लालच दिसतं, आणि साधं ऑक्सिमीटर त्याला ऑक्सिजनच समजतं. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेल्या माणसाचा आकडा ९८ आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

चौथी, साधी गोष्ट. गार बोट, नेलपॉलिश, मेंदी, थरथर. २०२० मध्ये माझे कुटुंब, माझी जबाबदारी मोहिमेत टीम घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन आली, तेव्हा आमची आत्या नुकतीच बांधावरून आली होती, हात ओले आणि गार. आकडा ९१. सगळं घर घाबरलं. हात धुऊन, पुसून, चोळून पाच मिनिटांनी पुन्हा लावलं तर ९७. ग्लेन कान गरम का करायचा ते मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

मोबाईलचं काय?

काही जुन्या सॅमसंग फोनच्या पाठीमागे खरोखरच लाल आणि अवरक्त असा सेन्सर असायचा. पण नुसत्या कॅमेऱ्यावर आणि फ्लॅशवर ऑक्सिजन दाखवणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. फ्लॅशचा प्रकाश पांढरा, त्यात अवरक्त जवळपास नसतोच, आणि कॅमेऱ्यापुढे अवरक्त अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. दुसरं समीकरणच गायब. नाडीचे ठोके कॅमेरा मोजू शकतो, ती गोष्ट वेगळी.

घरी काय करायचं?

यंत्र ९० दाखवत असेल तर खरा आकडा ८६ ते ९४ यांच्यात कुठेही असू शकतो, असं अमेरिकेचा औषध नियामकच सांगतो. म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. बरं वाटत असतानाच घरातल्या प्रत्येकाचा नेहमीचा आकडा दोन-चार दिवस मोजून वहीत लिहून ठेवा. सिकलसेलचा पेशंट असेल तर नक्कीच. मग आजारपणात त्या आकड्यापासून घसरण किती झाली ते बघा. ९८ वरून ९४ ही घसरण आहे, ९४ चांगला दिसत असला तरी. हे ग्लेनचंच काम झालं, प्रत्येक माणसाचं वेगळं कॅलिब्रेशन, फक्त दिव्याऐवजी वहीवर.

आणि माणसाला धाप लागत असेल, ओठ निळसर होत असतील, छातीत दुखत असेल, तर आकडा काहीही असो, दवाखान्यात न्या. आमच्याकडे आता मामेबहिणीच्या वहीच्या पहिल्या पानावर हेच वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि त्याखाली ॲम्ब्युलन्सचा नंबर, १०८.